बी.एड. हातात आहे आणि कोरियाच्या खेड्यात इंग्रजी शिकवायचंय? मग आधी हे वाचा

अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री इकडची मुलंमुली मला सारखा एकच प्रश्न विचारतात: ताई, कोरियात शिकवायला कसं जायचं? प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2025 अशी दोन वर्षं दक्षिण कोरियात उइसॉंग इथे सहायक इंग्रजी शिक्षिका होते. उइसॉंग म्हणजे उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातला, देगू शहराच्या वरच्या अंगाला असलेला एक 'गुन'. गुन म्हणजे आपल्या तालुक्यासारखं समजा. लसणासाठी अख्ख्या देशात प्रसिद्ध. तरणी माणसं शहरात निघून गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि शेती.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच लोकांचे पैसे बुडतात. कोरियात इंग्रजी शिकवायला जो व्हिसा लागतो त्याला ई-2 म्हणतात. खाजगी शिकवणीवर्गांत, ज्यांना तिथे 'हाग्वॉन' म्हणतात, इंग्रजीसाठी हा व्हिसा फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी नाही. मग आपल्यासाठी दार कुठलं? भारत आणि कोरिया यांच्यात ऑगस्ट 2009 मध्ये व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि 1 जानेवारी 2010 पासून तो लागू झाला. त्यात एक लहानशी तरतूद आहे. पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक म्हणून पात्रता, हे दोन्ही असलेल्या भारतीयाला तिथल्या सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येतं. हे दार अरुंद आहे. जागा दरवर्षी निघतीलच असं नाही, आणि त्या प्रांताच्या शिक्षण कार्यालयावर अवलंबून असतात. मला दुसऱ्या वर्षाच्या प्रयत्नात जागा मिळाली.

त्यामुळे कोणी एजंट 'टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर हाग्वॉनमध्ये चिकटवून देतो' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने वडिलांची बैलजोडी विकून असे पैसे भरले होते. त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं. तो आता बोलत नाही त्याविषयी, पण त्याच्या आईने मला सांगताना डोळ्याला पदर लावला होता. आधी शाळेचा करार हातात, मग व्हिसा. हा क्रम उलटा कधीच होत नाही.

कागद

आता कागदांचं. पदवी हवी आणि बी.एड.ला इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेतलेली हवी. माझी बी.ए. 2012 ची. तेव्हा प्रमाणपत्रावर नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' छापलेलं असायचं. बी.एड. 2019 ची, आणि 2018 मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालेलं. म्हणजे एकाच विद्यापीठाची दोन प्रमाणपत्रं, दोन नावांची. कोरियातल्या कारकुनाला हे कसं कळणार? मी बांभोरीला विद्यापीठात जाऊन नामविस्ताराचं पत्र इंग्रजीत मागून घेतलं. तुमची पदवी 2018 च्या आधीची असेल तर हे पत्र आधीच काढून ठेवा.

दुसरी भानगड नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर वेगळीच मांडणी. लग्नानंतर मुलींचं आणखी बदलतं. कोरियात पासपोर्टवर असेल तेच खरं नाव. पदवीवर 'पाटील' आणि पासपोर्टवर 'पवार' असेल तर तुम्ही दोन वेगळ्या बायका ठरता. पासपोर्ट काढतानाच पदवीचं नाव समोर ठेवा, आणि फरक असेलच तर विवाहाचा दाखला आणि राजपत्र जोडायची तयारी ठेवा.

पदवी, बी.एड. आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला, तिन्हींवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतं. भारत आणि कोरिया दोघेही हा शिक्का मानणाऱ्या हेग करारात आहेत, म्हणून वकिलातीत वेगळा शिक्का मारावा लागत नाही. पदवीची आधी राज्य सरकारकडे पडताळणी होते, मग अपोस्टिल. चारित्र्य दाखला मात्र गावच्या पोलीस ठाण्यातला साधा चालत नाही, तो पासपोर्ट सेवेतून काढलेला हवा. आणि तो फार लवकर काढू नका, जुना झाला तर पुन्हा काढावा लागतो. मी घाई केली, सहा महिने उलटून गेले आणि जळगावची फेरी दुसऱ्यांदा पडली. या सगळ्याला मला चार महिने लागले. तिथलं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून आदल्या पावसाळ्यातच कामाला लागा.

मुलाखत व्हिडिओवर होते. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा ते आपले साडेसहा. त्या दिवशी आमच्याकडे वीज गेलेली होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या दुकानातून इन्व्हर्टरची वायर ओढून आणली आणि मुलाखत संपेपर्यंत ते गल्लीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गप्प करत होते.

मला विचारलेला प्रश्न तुम्हालाही विचारतील: इंग्रजी तुमची मातृभाषा नाही, मग मुलांनी तुमच्याकडून का शिकावं? उत्तर पाठ करून जाऊ नका, पण तयार असू द्या. मी खरं तेच सांगितलं. घरात आम्ही अहिराणी बोलतो. शाळेत गेल्यावर मराठी शिकले, आणि इंग्रजीची एबीसीडी पाचवीत. दुसऱ्याची भाषा तोंडात बसताना जीभ कुठे अडते, लाज कधी वाटते, हे मला आठवतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते आठवायचं काही कारणच नसतं. माझा आजही ठाम विश्वास आहे की आपल्यासारख्या शिक्षकाकडे देण्यासारखं खरं हेच आहे, आणि उच्चार अमेरिकन करण्याच्या नादात ते घालवू नये.

बॅगेत काय

थंडीचे कपडे इथून विकत घेऊ नका, जळगावच्या स्वेटरने तिथलं काही भागत नाही. मी उतरले त्या रात्री उणे नऊ होतं. पहिल्या दोन दिवसांपुरतं जाड काही घ्या, बाकी तिथे घ्या. घरं मात्र उबदार असतात, कारण जमिनीखालून गरम पाणी फिरतं. त्याला 'ओंदोल' म्हणतात. गारठलेले पाय त्या जमिनीवर टेकवले तेव्हा मला चुलीशेजारी बसल्यासारखं वाटलं. बिल मात्र गॅसचं येतं, म्हणून शाळेत जाताना बॉयलर कमी करून जा, पण पूर्ण बंद करू नका, नळ गोठतात.

काळा मसाला घ्या, पण घरी कुटायला सांगताना खसखस घालू देऊ नका. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि तिकडे अफूगांजाच्या बाबतीत कायदा फार कडक. गेल्यावर जी वैद्यकीय तपासणी होते तिच्यात अमली पदार्थांचीही चाचणी असते. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. लहान कुकर, पोळपाट-लाटणं आणि तवा न्या. वीज 220 व्होल्ट आहे, दोन गोल पिनांचे आपले चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत.

फोनमध्ये काकाओटॉक, नेव्हर मॅप आणि पापागो हे भाषांतराचं ॲप आधीच टाका. माझ्या वेळी गुगलचा नकाशा तिथे चालत जायचा रस्ता धड दाखवत नव्हता. पोचल्यापासून नव्वद दिवसांच्या आत निवासी कार्ड काढायचं असतं. ते आल्याशिवाय बँकेचं आणि फोनचं काम अडतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या सोबतच्या शिक्षिकेला विचारून वेळ घ्या.

घर शाळेकडून मिळतं. एक खोली, तिच्यातच ओटा, लहानसं न्हाणीघर. कचऱ्याचा नियम पहिल्याच दिवशी शिका. साधा कचरा त्याच गुनच्या छापील पिशवीतच टाकायचा, ती दुकानात विकत मिळते. अन्नाचा कचरा वेगळा. केळ्याचं साल अन्नात, पण कांद्या-लसणाची सालं साध्या कचऱ्यात. मी पहिल्या आठवड्यात सगळं एकत्र टाकलं तर खालच्या आजीबाईंनी माझी पिशवी दाराशी परत आणून ठेवली, आणि मग बसून माझ्यासमोर वेगळी करून दाखवली.

जेवण

याविषयी मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि हे खरंच अवघड आहे. माझ्या गळ्यात माळ आहे. मी मांस-मासे-अंडी खात नाही. कोरियात 'गोगी' म्हणजे मांस, आणि 'गोगी नको' म्हटलं की लोक मांस काढतात पण मासळी ठेवतात, कारण त्यांच्या मनात ती मांसात येत नाही. म्हणून 'हेमुल' म्हणजे समुद्रातलं काहीही, तेही नको, असं वेगळं सांगा. किमची भाजीची दिसते, पण तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी असतं. सूप तर जवळजवळ नेहमी सुकवलेल्या मासळीच्या पाण्यात उकळलेलं.

शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांना एकच असतं, स्टीलच्या कप्प्यांच्या ताटात. महिन्याचा तक्ता आधी लागतो आणि प्रत्येक पदार्थापुढे लहान आकडे छापलेले असतात. हे आकडे ॲलर्जीचे, पण शाकाहारी माणसाला सोन्यासारखे. 1 म्हणजे अंडं, 9 कोळंबी, 10 डुक्कर, 15 कोंबडी, 16 गाय-बैल, 17 माकूळ, 18 शिंपल्या. मी हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते. पण लक्षात ठेवा, सूपातल्या त्या सुक्या मासळीला या यादीत आकडाच नाही. म्हणून आकडे नसले तरी सूप घेऊ नका. पहिल्या दिवशीच स्वयंपाकाच्या प्रमुख बाईंना भेटून लिहून दिलं तर त्या सांभाळून घेतात. माझ्यासाठी त्या भात, सोयाबीनचे मोड, टोफू आणि समुद्री शेवाळाचे पापडासारखे तुकडे बाजूला काढून ठेवायच्या. तक्रार करत गेलात तर कोणी करणार नाही. हात जोडून, वाकून विचारलंत तर जीव टाकतात.

घरी मी रोज संध्याकाळी शिजवायचे. तूरडाळ, हळद, जिरं देगूला परदेशी कामगारांच्या वस्तीजवळच्या दुकानात मिळायचं, महिन्यातून एकदा जाऊन आणायचं. ज्वारी तिथे पिकते, 'सुसू' म्हणतात तिला. मी हरखून पीठ आणलं, पण ती चिकट जात. भाकरी तव्यावर पडायच्या आधीच हाताला धरून बसते. दादरच्या, म्हणजे आपल्या खानदेशी रब्बी ज्वारीच्या, भाकरीची आस सोडून द्या. भरीत मात्र होतं. तिथली वांगी लांब आणि सडपातळ, आसोद्याच्या वांग्याचा गर त्यांना नाही आणि तुरीच्या काड्यांचा धूरही नाही. पण गॅसवर भाजून, वर उइसॉंगचा सहा पाकळ्यांचा लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातली की डोळे मिटून खावं असं होतं.

तिथे आठवडे बाजारासारखा दर पाच दिवसांनी बाजार भरतो. जूनमध्ये लसूण निघाला की बाया रस्त्याच्या कडेला बसून शंभर-शंभर गड्ड्यांच्या जुड्या बांधतात. शंभराच्या मोजाला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, 'जॉप'. भादव्यात अंगणात मिरच्या वाळत टाकलेल्या दिसल्या की माणसाला आपलं खळं आठवतं. याच लसणाच्या गावाजवळ गोउनसा नावाचा जुना बौद्ध मठ होता. तिथल्या जेवणात मांस-मासळी नाहीच, कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखं. मी महिन्यातून एका रविवारी तिथे जायचे आणि पोटभर, निर्धास्त जेवायचे. मी परतल्यावर महिन्याभरात, मार्च 2025 मध्ये, उइसॉंगला मोठा वणवा पेटला आणि त्या मठाचा बराच भाग जळाला. माझ्या मुलांचे निरोप येत होते की आम्ही ठीक आहोत, आणि मी इकडे रात्रभर फोन हातात धरून बसले होते.

वर्ग

तुम्ही एकट्या शिकवत नाही. वर्गात कोरियन शिक्षक असतो, तुम्ही त्याच्या जोडीला. प्राथमिकला तास 40 मिनिटांचा. इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. खेड्यात पटसंख्या इतकी कमी की एका सहायकाकडे दोन-तीन शाळा असतात. माझ्या तीन होत्या, आणि एका शाळेच्या पाचवीत सहा मुलं. बस दिवसातून मोजक्या, चुकली की गेलीच. म्हणून वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

मुलांची जीभ कुठे अडते ते आधी समजून घ्या. कोरियनमध्ये 'फ' चा इंग्रजी उच्चार नाही, म्हणून कॉफीची 'खॉपी' होते. 'र' आणि 'ल' एकाच अक्षरात. आणि जोडाक्षरात, बऱ्याचदा शब्दाच्या शेवटीही, त्यांना स्वर घुसवावा लागतो. 'स्ट्राइक' हा इंग्रजीत एका ठोक्याचा शब्द, कोरियनमध्ये पाच ठोक्यांचा: सु-थु-रा-इ-खु. मी मुलांना टाळ्या वाजवून दोन्ही मोजायला लावायचे. आधी तुमच्या पाच टाळ्या, मग इंग्रजीची एक. आणि त्यांना सांगायचे की माझ्या गावात लोक 'इस्टेशन' म्हणतात, तुम्ही स्वर नंतर घालता, आम्ही आधी. ते ऐकून एक मुलगी, जी महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, उठून फळ्यापाशी आली आणि तिने माझ्याकडून 'इस्टेशन' तीनदा म्हणवून घेतलं. त्या दिवसापासून ती तासाला बोलू लागली.

अमेरिकन उच्चारांची सवय असलेला एखादा पालक किंवा शिक्षक तुमच्या बोलण्यावर बोट ठेवेल. एका शाळेत माझ्या 'व' वरून समोरच कुजबुज झाली. वाईट वाटलं. मी घरी जाऊन आरशासमोर इंग्रजीतले दोन 'व' वेगळे करण्याचा सराव केला. एकाला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. तुम्ही तो इथेच करून जा. चूक खरी असेल तेवढी दुरुस्त करायची, बाकीचं मनाला लावून घ्यायचं नाही.

मुलांकडून काही भेटवस्तू घेऊ नका. 2016 पासून तिथे कडक कायदा आहे, शिक्षकाला साधी भेटही अडचणीची ठरते. सुट्टीत मुलं घरी आणि तुम्ही शाळेत एकट्या बसलेल्या, असेही दिवस येतात. तेव्हा पुढच्या सत्राचे तक्ते करा आणि कोरियन शिका.

भाषा

लिपी जाण्याआधीच शिकून घ्या, देवनागरी येणाऱ्याला आठवड्याचं काम. राजा सेजोंगने 1443 मध्ये ती बनवली आणि 1446 मध्ये प्रजेपुढे ठेवली. व्यंजनांचे मूळ आकार तोंडात जीभ-ओठ कसे असतात त्यावरून घेतलेले. आपण कंठ्य, तालव्य म्हणतो तोच विचार. आणि व्याकरण तर घरचंच वाटतं. 'नानुन हाक्क्योए गायो' म्हणजे 'मी शाळेला जाते', शब्दाला शब्द. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेला. 'सॉनसेंगनिम' म्हणजे शिक्षक, आणि त्यातला 'निम' म्हणजे आपला 'जी'. समोरच्याचं वय विचारतात तेव्हा राग मानू नका. आपल्याला तू म्हणावं की तुम्ही हे ठरवावं लागतं, तसंच त्यांना लागतं.

पुस्तकात मात्र सोलची भाषा असते आणि उइसॉंगची वेगळी. पुस्तकात 'जेवलात का' ला 'बप मॉगॉस्सॉयो?' आणि आजीबाई विचारतात 'बप मुन्ना?' मला पहिले दोन महिने कळेचना. कळलं तेव्हा माझ्या मनात लगेच 'जेवन व्हयनं का?' उमटलं. पुण्यात शिकताना अहिराणी तोंडातून निसटली की मी ओशाळायचे. त्या बाजारात मी आजीबाईंना त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं आणि त्यांनी माझ्या ओंजळीत लसणाची जुडी ठेवली, पैसे घ्यायला तयार नाहीत. एकदा तर मागून एका लेकराने 'अप्पा!' अशी हाक मारली आणि मी गर्रकन वळले. कोरियनमध्येही अप्पा म्हणजे वडील. रस्त्यात उभं राहून मी आमच्या अप्पांना फोन लावला.

पैशांचं थोडक्यात. माझ्या वेळी शंभर रुपयांचे साधारण सोळाशे वॉन होत. घराचं भाडं नसल्याने पगारातला बऱ्यापैकी भाग उरतो. आरोग्य विम्याचा अर्धा हप्ता शाळा भरते. पूर्ण एक वर्ष केलंत तर शेवटी एका महिन्याचा जास्तीचा पगार मिळतो. वर्ष पुरं व्हायच्या आधी सोडलंत तर नाही, म्हणून मार्चमध्ये कितीही रडू आलं तरी फेब्रुवारी गाठा.

परतताना प्रत्येक शाळेतून अनुभवाचा दाखला इंग्रजीत, दोन-दोन प्रती, स्वतः हजर असताना घ्या. त्यावर शाळेचा लाल चौकोनी शिक्का असतो, मुख्याध्यापकांची सही बहुधा नसते. इकडे एका कार्यालयात सही नाही म्हणून माझा दाखला परत केला. मी तिथल्या सोबतच्या शिक्षिकेला कळवलं, आणि तिने मुख्याध्यापकांकडून शिक्क्याशेजारी सही घेऊन तो टपालाने पाठवला. पाकिटात लसणाच्या दोन पाकळ्याही निघाल्या, कागदात गुंडाळलेल्या.